बावन्न दरवाज्यांच्या गावातलं विसरभोळं डोकं

पाकिटात हात घालू नका. आधी सांगा, वीस रुपयांच्या नव्या, हिरवट-पिवळ्या नोटेच्या मागे कशाचं चित्र आहे?

लाल किल्ला? तो पाचशेवर. कोणार्क दहावर, हंपीचा रथ पन्नासवर, पाटणची राणी की वाव शंभरवर आणि सांचीचा स्तूप दोनशेवर. वीसवर वेरूळ आहे. आपलं वेरूळ, सुटीच्या दिवशी पाहुण्यांना हमखास दाखवायचं ते. ही नोट २०१९ साली आली. तेव्हापासून भाजीवाली, रिक्षावाला, पानटपरी असा तिचा प्रवास अखंड चालू आहे. तरी छत्रपती संभाजीनगरात चारचौघांत हा प्रश्न टाकून बघा, बरेच जण छताकडे बघायला लागतात.

त्यांच्या स्मरणशक्तीला नावं ठेवायचं कारण नाही. रेमंड निकरसन आणि मेरिलिन अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हाच खेळ एक सेंटच्या नाण्यावर केला होता. २० जणांना कागद दिला आणि रोज हाताळलेलं नाणं आठवून काढायला सांगितलं. नाण्यावर ठळक खुणा आठ. लोकांना जमल्या साधारण तीन. लिंकनचं तोंड डावीकडे की उजवीकडे, तारीख कुठे, अक्षरं कुठे, सगळा सावळा गोंधळ. एकाच गड्याचं चित्र पूर्ण बरोबर आलं, आणि तो नाणी जमवणारा निघाला.

कारण साधं आहे. नोट ओळखायला रंग आणि आकडा पुरतो, म्हणून मेंदू तेवढंच टिपतो आणि बाकीच्याला आतच घेत नाही. आपण म्हणतो ‘विसरलो’, पण जे आत गेलंच नाही ते विसरणार कसं? किल्ल्यांचंही तेच. फोनवर बोलत बोलत किल्ली फ्रिजवर ठेवली, त्या क्षणी लक्ष फोनवर होतं, तेव्हा ‘कुठे ठेवली’ याची नोंदच झाली नाही. मग अर्धा तास घर पालथं घालायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्या त्या बाईचीही स्मरणशक्ती ठणठणीत असणार, लक्ष तेवढं भलतीकडे होतं.

जाता जाता एक फुकटचा उपाय. या जिल्ह्यातल्या गाड्यांची पाटी एमएच-२०. वीसची पाटी, वीसची नोट, वीसवर वेरूळ. झालं. आता हे डोक्यातून काढायचं म्हटलं तरी निघणार नाही, कारण नवी माहिती आधीच पक्क्या असलेल्या खुंटीला टांगली की ती सहसा खाली पडत नाही.

दार ओलांडलं की संपलं

“कशाला आलो होतो गं मी इथं?”

“मला काय विचारता? तुम्हीच उठून आलात.”

हॉलमधून स्वयंपाकघरात येईपर्यंत काम डोक्यातून गेलेल्या नवऱ्याचा आणि बायकोचा हा संवाद घरोघरी होतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी तो प्रयोगशाळेत नेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लोक वस्तू उचलून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे न्यायचे, कधी त्याच खोलीत, कधी दार ओलांडून पलीकडे. चालायचं अंतर सारखंच. पण मधे दार आलं की ‘हातात काय होतं’ याचं उत्तर जास्त वेळा चुकायचं. रॅडव्हान्स्कींचं म्हणणं असं की मेंदू दिवसाचे प्रसंग पाडतो आणि दार म्हणजे प्रसंग बदलल्याची खूण. नवा प्रसंग सुरू झाला की जुन्यातलं सामान मागे पडतं.

आता विचार करा, ज्या शहराची ओळखच बावन्न दरवाज्यांचं शहर अशी, तिथल्या लोकांचं काय होत असेल! मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात नावाजलेला दरवाजा आठवण राहावी म्हणून उभारलेला. पुढे १६८२ मध्ये औरंगजेबाने शहराभोवती तट घातला आणि दरवाजे वाढले. त्यातले थोडेच आज उभे आहेत, आणि त्यांच्या कमानीखालून स्कूटर, टेम्पो, शाळेच्या व्हॅन जात असतात. प्रत्येक कमानीखाली एकेक काम गळून पडलं असतं, तर गुलमंडीत सामान घ्यायला निघालेला माणूस रिकामी पिशवी घेऊनच घरी आला असता.

तसं होत नाही, आणि यालाही उत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर एकसारख्या खोल्यांमधल्या दारांचा परिणाम जवळपास दिसलाच नाही. डोक्यावर दुसऱ्या कामाचं ओझं दिलं, उलटे आकडे मोजायला लावले, तेव्हा कुठे दार नडायला लागलं. थोडक्यात, दाराचा दोष कमी आणि डोक्यात आधीच चाललेल्या बाजाराचा जास्त.

‘परत मागच्या खोलीत जा, म्हणजे आठवेल’ हा घरगुती उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. रॅडव्हान्स्कींनी तोही तपासला. पहिल्या खोलीत परत नेल्याने त्यांच्या लोकांना काही विशेष फायदा झाला नाही. बायकोचा उपाय म्हणून करायचा असेल तर अवश्य करा, तेवढंच घरात शांतता.

जुनं नाव पाय अडकवतं

शहराच्या नावाचा विषय निघाला की गप्पा लगेच राजकारणाकडे वळतात. इथे फक्त जिभेचं बघू. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी १६२६ मध्ये फत्तेनगर झाली, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. आता बँकेत पत्ता सांगताना कित्येकांच्या तोंडून आधी जुनं नाव निघतं, मग जीभ चावून नवं. बदलाला विरोध असलेल्याचं तसं होतं आणि बदलाने आनंदलेल्याचंही. मेंदूला मताशी देणंघेणं नाही. चाळीस वर्षं घोटलेलं उत्तर नव्याच्या आधी पळत पुढे येतं.

मानसशास्त्रात याला अग्रलक्षी व्यत्यय म्हणतात. हा किती दांडगा असतो ते बेंटन अंडरवुड यांनी १९५७ मध्ये दाखवलं. शब्दांची यादी पाठ केल्यावर एका दिवसात लोक किती विसरतात, याची वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. अंडरवुडनी जुने प्रयोग चाळले आणि गोम सापडली. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अशी यादी पाठ केली होती, ते साधारण पाव भाग विसरले. ज्यांनी आधी ढीगभर याद्या पाठ केल्या होत्या, ते तब्बल पाऊण भाग विसरले. जुन्या याद्या नव्या यादीत लुडबुडत होत्या.

याला अपवाद म्हणजे जुने शिवसैनिक. बाळासाहेब ठाकरे यांनी १९८८ मध्ये शहराला संभाजीनगर म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून ज्यांच्या तोंडी तेच आहे त्यांना २०२३ मध्ये काही नवीन शिकावंच लागलं नाही.

तसं हे शहर अधिकृत नावांच्या बाबतीत आधीपासूनच बेफिकीर. महावीर चौक म्हणा, रिक्षावाला क्षणभर थांबेल. बाबा पेट्रोल पंप म्हणा, मीटर पडलंच समजा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय हे नाव पाटीवर, लोकांच्या तोंडी ‘घाटी’. आणि सिडकोचं काय सांगावं? एन-१ ते एन-१३. वस्त्यांना नावं देण्याऐवजी नंबर दिले की मेंदूची पंचाईत होते, कारण सगळे नंबर एकमेकांसारखे दिसतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. मावसबहीण एन-६ला राहते की एन-८ला? ते आठवत नाही, पण ‘टीव्ही सेंटरच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीसमोर’ हे बरोबर आठवतं. गिरणीला चेहरा असतो, आकड्याला नसतो.

अगदी ओठांवर आहे हो!

लग्नात समोरून गृहस्थ येतात, हात जोडतात, “ओळखलं का?” चेहरा माहीत, गाव माहीत, त्यांच्या मुलीचं लग्न कुठे झालं तेही माहीत. नाव गायब.

१९६६ मध्ये हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी ही अवस्था मुद्दाम घडवून आणली. कमी वापरातल्या शब्दांची व्याख्या वाचायची आणि शब्द विचारायचा. अडकलेल्या माणसाला शब्द येत नसे, पण निम्म्याहून जास्त वेळा पहिलं अक्षर बरोबर सांगता यायचं, कधी शब्द केवढा लांब आहे तेही. म्हणजे शब्द आत असतो, दाराच्या फटीतून त्याचं टोक दिसतं, पण तो बाहेर येत नाही. बऱ्याचदा दारात भलताच शब्द ठाण मांडून बसलेला असतो. ‘जोशी नाही, जोशी नाही’ म्हणताना दर वेळी जोशीच येतात.

सिग्मंड फ्रॉइडची अशीच फजिती झाली होती. ऑर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमधली भित्तिचित्रं काढणाऱ्या सिन्योरेल्ली या चित्रकाराचं नाव त्याला प्रवासात काही केल्या आठवेना. बोत्तिचेल्ली आठवला, बोल्त्राफ्फियो आठवला. १८९८ मध्ये त्याने यावर लेख लिहिला आणि निष्कर्ष काढला की मृत्यू आणि कामवासनेविषयीचे नकोसे विचार दाबताना त्यांच्यासोबत हे नावही दाबलं गेलं. आजचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ इतक्या खोल विहिरीत उतरत नाहीत. ‘सारखी नावं एकमेकांच्या आड आली’ एवढ्यावर ते भागवतात. फ्रॉइडची गोष्ट जास्त रंगतदार, यात वाद नाही. पण कुणाचं आडनाव आठवलं नाही म्हणून त्यामागे दडलेली वासना शोधायची, तर लग्नसमारंभात जेवायला वेळ उरायचा नाही.

माणसांची नावंच एवढी का निसटतात? १९८७ चा एक ब्रिटिश प्रयोग फार गमतीचा आहे. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. कुणाचं आडनाव बेकर सांगितलं, तर कुणाचा धंदा बेकर, म्हणजे पाव भाजणारा. शब्द तोच, पण धंदा लक्षात राहिला आणि आडनाव उडालं. आपल्याकडे करून बघा. ‘हे सोनारकाम करतात’ म्हटलं की डोळ्यांपुढे भट्टी, फुंकणी, सराफ्यातलं दुकान येतं. ‘हे सोनारसाहेब, वीज मंडळात असतात’ म्हटलं की आडनावाला धरायला काहीच नाही.

आणखी एक, हे मात्र उपयोगाचं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या कॅरिन हम्फ्रीज आणि एमी वॉरिनर यांनी २००८ मध्ये दाखवलं की ओठांवरच्या शब्दासाठी जितका वेळ झटत बसावं, तितकी पुढच्या वेळी त्याच शब्दाला अडकायची शक्यता वाढते. मेंदू शब्दाऐवजी अडकणंच शिकतो. म्हणून सरळ विचारून मोकळं व्हावं. “माफ करा, नाव लक्षात येईना” म्हटल्याने कुणी जेवणाचं ताट काढून घेत नाही.

औरंगपुऱ्यातला अभ्यास आणि बर्लिनचा गृहस्थ

औरंगपुरा-समर्थनगरच्या बाजूला अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसदिवस बसलेली असतात. टेबलावर पाण्याची बाटली, तीन रंगांचे मार्कर, आणि रात्री मित्राला फोन: “काल वाचलेलं आज आठवंना राव.”

यांचा पूर्वज हर्मान एबिंगहाउस. या जर्मन गृहस्थाने दुसऱ्या कुणाला न छळता स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेले सुमारे २,३०० अक्षरगट बनवले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत पडते ते मोजलं. १८८५ मध्ये पुस्तक आलं. पुन्हा पाठ करतानाची बचत २० मिनिटांनी ५८ टक्के, तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त धुऊन जातं, पण एका दिवसानंतर गळती बरीच मंदावते. हे आकडे एका माणसाचे, म्हणून शंका येणं साहजिक. २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये हाच कंटाळवाणा उद्योग पुन्हा केला गेला आणि वक्ररेषा जवळपास तशीच आली.

मग करायचं काय? अभ्यासिकेतले बहुतेक जण पुन्हा वाचतात. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी याची परीक्षा घेतली. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहिणारे पुढे. वाचणाऱ्याला ‘आपल्याला येतंय’ असं वाटत राहतं, त्यात त्याचा घात होतो. तीन रंगांच्या मार्करांनी तर तो घात छान सजवून मिळतो.

न विसरण्याचं शास्त्र या भागाला नवीन नाही. पैठणला दक्षिण काशी म्हणत ते वेदविद्येमुळे, आणि वैदिकांनी घनपाठाची पद्धत रचली ती एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून. तीन शब्द घेतले तर क्रम असा: १-२-२-१-१-२-३-३-२-१-१-२-३. सरळ, उलट, पुन्हा सरळ. चूक झाली तर तिथल्या तिथे ठेच लागते. मात्र हा खटाटोप ऋचांसाठी ठीक, चालू घडामोडींसाठी नव्हे.

रात्रभर जागून घोकणाऱ्यांसाठी १९२४ चा एक निकाल. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरगट पाठ करायला लावले आणि मग झोपू दिलं किंवा दिवसाच्या उद्योगांना लावलं. आठ तास झोपून उठल्यावर निम्म्याच्या आसपास शिल्लक, आठ तास जागे राहिल्यावर दहातलं जेमतेम एक. नुसता वेळ गेल्याने सगळं पुसत नाही, त्या वेळात डोक्यात जे आणखी कोंबतो तेही जुन्याला ढकलून देतं.

एका पैची चूक

दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे राहणाऱ्या तरुण एकनाथांची गोष्ट मराठवाड्यात सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली असते. हिशेबात एका पैचा मेळ लागेना. सगळे झोपले, एकनाथ दिव्यापाशी वह्या उलटीपालटी करत बसले. उत्तररात्री चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती देवाकडे लावलीस तर काय होईल!

परंपरेने ही गोष्ट भक्तीसाठी सांगितली जाते. पण अपुरं काम झोपू देत नाही, याचा एवढा बारीक दाखला शोधून मिळणार नाही. १९२७ मध्ये बर्लिनला ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने लोकांना कोडी, मातीकाम, हिशेब अशी छोटी छोटी कामं दिली आणि निम्मी मधेच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवत होती. कल्पना सुचली ती कॅफेतल्या वेटरवरून, असं सांगतात: बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय मागवलं ते त्याला तोंडपाठ, पैसे हातात आले की पाटी कोरी. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम कधी जमला, कधी फसला, त्यामुळे याला नियम म्हणायचं धाडस कुणी करू नये. पण मालिकेचा भाग ऐन वेळी का तोडतात, हे निर्मात्यांना झायगार्निक न वाचताही कळलेलं असतं.

आज पाणी आहे का?

विसरण्याचा एक प्रकार भूतकाळाचा नसून पुढचा असतो. गोळी घ्यायची, बिल भरायचं, येताना दही आणायचं. याला भावी स्मृती म्हणतात आणि ती वेगळीच तऱ्हेवाईक आहे. १९९० मध्ये गाइल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी तरुण आणि वयस्क अशा दोघांना काम दिलं: अमुक शब्द दिसला की बटण दाबायचं. म्हातारी माणसं मागे पडतील असं वाटलं होतं, पण पडली नाहीत. बाहेरून खूण मिळाली की वय फारसं आड येत नाही. खूण नसताना नुसतं घड्याळाच्या भरवशावर ‘बरोबर अमुक वाजता’ करायचं असलं की मात्र पंचाईत वाढते.

या शहरातल्या आज्यांना हा निकाल कागदावर वाचायची गरज नाही. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि तो दिवस घरात इतर कुणाला ठाऊक नसला तरी आजीला ठाऊक असतो. शेजारची मोटर घुरघुरली, गल्लीत बादल्यांचा आवाज झाला, जिन्यात कुणी ओरडलं, “पाणी आलं गं!” या सगळ्या खुणाच. आजी दुपारची गोळी विसरेल, पण पाणी विसरणार नाही. गोळीला आवाज नसतो. डॉक्टर गोळी ‘जेवणानंतर’ सांगतात ते एका अर्थी याचमुळे सोयीचं, जेवण हीच खूण होते. ‘दुपारी अडीचला’ म्हटलं असतं तर अर्ध्या गोळ्या पाकिटातच राहिल्या असत्या.

एक फोटो काढ ना

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, कैलासासमोर, मोबाइल उंच धरलेले हात मोजा. एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं मंदिर, आणि लोक त्याच्याकडे पाठ करून उभे. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. ‘आता कॅमेऱ्यात आहे’ म्हटल्यावर डोक्याने अंग काढून घेतलं. पण जिथे एखाद्याच भागावर झूम करून फोटो घ्यायला सांगितला होता, तिथे आठवण शाबूत राहिली, अगदी फोटोत न आलेल्या भागाचीसुद्धा. बारीक बघितलं, एवढंच.

बीबी का मकबऱ्यावर झूम करायचा असेल तर घुमटावर नको, प्रवेशदारावर करा. पितळी पत्रा मढवलेल्या त्या दारावर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत: अताउल्ला आणि हंसपत राय. ‘दक्खनचा ताज’ लाखोंना माहीत, ही दोन नावं फार थोड्यांना. सगळ्यांनी फोटो काढलेत, पण दाराजवळून घाईने आत जाताना.

गेलं नव्हतंच, रस्ता बुजला होता

२८ एप्रिल १८१९. जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळाचा इंग्रज अधिकारी शिकारीला फिरताना वाघूर नदीच्या घळीत आला आणि अजिंठ्याची लेणी ‘सापडली’. दहाव्या लेण्यात त्याने खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. आज ते कोरलेलं नाव माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर दिसतं. स्मिथ काही ताडमाड नव्हता. तेव्हा लेण्यात पुरुषभर राडारोडा साठला होता, त्याच्यावर उभं राहून त्याने हा प्रताप केला. चित्राशेजारी बदाम कोरणाऱ्या आपल्याकडच्या प्रेमिकांचा हा आद्यपुरुष म्हणायला हरकत नाही.

पाचव्या शतकाच्या अखेरीस काम थांबलेली ही लेणी जग विसरलं, असं म्हणतात. पण आसपासच्या गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच, जंगलात जाणाऱ्यांनी पाहिलेली होती. चित्रं भिंतींवर होती, वाट मात्र बुजली होती.

एन्डेल टुल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये हाच फरक माणसाच्या डोक्यात दाखवला. लोकांना शब्दांच्या लांब याद्या दिल्या: फळं, हत्यारं, प्राणी वगैरे. नुसतं ‘आठवा’ म्हटलं तेव्हा थोडे आठवले. ‘फळं कोणती होती?’ असं विचारलं तर धडाधड बाहेर आले. शब्द हरवले नव्हते, बोट धरायला कुणी नव्हतं. शहरातल्याच एखाद्याला दरवाजे मोजायला सांगा. पैठण गेट, दिल्ली गेट, रोशन गेट, कटकट गेट, आणि गाडी अडते. ‘पाणचक्कीजवळचा?’ म्हणा, लगेच उत्तर येतं, “महमूद दरवाजा!” पैठण आणि दिल्लीला तर दिशाच मदतीला आहे.

हो, वयस्कांना या शहराच्या ठरावीक काळाच्याच आठवणी इतक्या स्वच्छ का, यालाही उत्तर आहे. साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. म्हणून आजोबांना टॉकीजमध्ये बाल्कनीचं तिकीट किती होतं ते आठवतं आणि सकाळी कुणाचा फोन आला ते नाही. तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. मात्र ओळखीच्या रस्त्यावरून घरी परतणंच जमेना झालं, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

पोथी गेली, माणसं होती

आता या सगळ्याचा राजा. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलं. ते स्वतः फिरले, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठलं, एकेक लीळा विचारून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. स्वामींचा मुक्काम पैठणलाही राहिलेला, म्हणजे यातलं बरंच आपल्या आसपासचं. पुढे खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. महानुभाव पंथाच्या लोकांनी ती पुन्हा उभी केली, आठवणीतून. हिराइसा या दांडग्या स्मरणशक्तीच्या बाईंच्या नावाचा एक पाठ आजही अभ्यासकांना माहीत आहे.

आठवणीतून उभं करताना काय होतं, ते केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवलं. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक अनोखी गोष्ट वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावली. गोष्टीतल्या कनूच्या बोटी झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. प्रत्येकाने गोष्ट आपल्या घरच्यासारखी करून घेतली, तीही नकळत. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तर १९७४ मध्ये एका क्रियापदाने आठवण बदलून दाखवली. मोटारींच्या टकरीची फिल्म पाहिलेल्यांना काहींना ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं, काहींना ‘गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा’ असं. आठवड्याने प्रश्न केला, फुटलेली काच दिसली होती का? चक्काचूरवाल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, धडकवाल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

हे प्रयोग व्हायच्या सहाशे वर्षं आधी महानुभावांना हा धोका कळलेला दिसतो. लीळाचरित्रात एकच लीळा दोघांना वेगवेगळी आठवली, तर एकाला खोटं पाडलेलं नाही. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, म्हणून दोन्ही लिहून ठेवल्या आहेत. येत्या दिवाळीत फराळाच्या ताटावर ‘वाटणीच्या वेळी अण्णा नेमकं काय म्हणाले होते’ यावरून काका आणि आत्या यांच्यात जुंपली, तर एक वही काढा आणि तोच शिरस्ता चालवा: काकांचा पाठ वेगळा, आत्याचा वेगळा. अण्णांना मात्र विचारू नका. त्यांचा तिसराच निघेल.